फटफटीचे कान

पुंडलिकराव गेले हा निरोप मला नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात मिळाला. मेथीची जुडी हातात होती आणि भाजीवालीशी घासाघीस चालली होती, तेवढ्यात खापरखेड्याच्या कॉलनीतले एक ओळखीचे गृहस्थ सायकल ढकलत गर्दीतून माझ्यापर्यंत आले. आधी ते घरी जाऊन आले होते. बायकोनं त्यांना बाजाराकडे पाठवलं होतं. "तुमचे भाऊजी गेले, मास्तर," ते म्हणाले, "मोठा दिलदार माणूस होता." अशा वेळी पोटात काहीतरी हलतं म्हणतात. मी थोडा वेळ वाट पाहिली... काही हललं नाही. मेथी पिशवीत टाकली आणि मनात पहिला विचार आला तो असा, की हा माणूस शेवटपर्यंत न हरताच गेला. माझ्या थोरल्या बहिणीचा, वत्सलाताईचा, नवरा गेला होता आणि मला तिच्या आधी त्याच्याशी अर्धवट राहिलेलं भांडण आठवत होतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची आपल्याकडे रीत आहे. ते काम इतरांनी पोटभर केलं आहे. मी मला माहीत असलेले पुंडलिकराव लिहितो.

आमचं घर शेतकऱ्याचं. खापरखेड्याच्या पलीकडे गाव, थोडी कपाशी, थोडी संत्र्याची बाग. पुंडलिकराव वीज केंद्रात फिटर होते. पक्की नोकरी, राहायला क्वार्टर आणि पायात बूट, असा जावई मिळाला म्हणून आमच्या बाबांना आभाळ ठेंगणं झालं होतं. मी तेव्हा नुकताच नागपुरात मास्तरकीला लागलो होतो. खोली घेऊन राहायचो आणि रविवारी गावी जायचो. जावई म्हणजे देव, असं आमची माय मानायची, आणि पुंडलिकरावांनीही त्यावर कधी शंका घेतली नाही. जेवताना तूप कमी पडलं तर ते बोलायचे नाहीत. ताट चार बोटं पुढे सरकवायचे आणि भिंतीकडे पाहत बसायचे, की माय चुलीपासून धावत यायची. मला त्यांनी पहिल्याच दिवशी 'मास्तर' म्हटलं. वर्गातली पोरंही मला मास्तरच म्हणायची, पण त्यांच्या तोंडी तो शब्द ऐकला की आपण आयुष्यात काहीच केलं नाही असं वाटायचं. ताई त्यांच्यापुढे फार बोलत नसे. आमच्याकडे असताना खळखळून हसणारी मुलगी लग्नानंतर हसण्याआधी नवऱ्याकडे पाहायला लागली, आणि त्याबद्दल मी त्यांना कधीच माफ केलं नाही.

लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांनी कामठीला लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानाचा लिलाव होता. पुंडलिकरावांनी बाबांच्या डोक्यात भरवलं, की तिथे तीन चाकांची फटफटी मिळते. बाजूला जोडलेल्या तिसऱ्या चाकावर पेटी असते. संत्री तासाभरात शहरात पोचवायची आणि येताना इतवारीच्या बाजारातून गुरांसाठी सरकीची ढेप आणायची, बैलगाडीची कटकटच नको. बाबांनी जावयाच्या शब्दावर गाडी घेतली. ती चालवता येत होती फक्त जावयाला, म्हणून ती राहिली जावयाच्या क्वार्टरपुढे, टिनाच्या छपराखाली. गाडी बाबांची आणि चावी पुंडलिकरावांची, असा तो संसार सुरू झाला. रंग शेवाळी, आवाज असा की किक मारली की कॉलनीतल्या लिंबावरचे कावळे उठायचे. डाव्या अंगाला लोखंडी सांगाडा, त्याखाली तिसरं चाक आणि सांगाड्यावर कोणीतरी नंतर बसवलेली लाकडी पेटी. त्या पेटीच्या चार कोपऱ्यांशी, पेटीच्या काठाहून थोडे वर आलेले, चार लोखंडी ब्रॅकेट होते. दोन पुढे, दोन मागे. इंग्रजी यू अक्षरासारखे, तोंड वर उघडं, आणि प्रत्येकाला आरपार एक भोक. पेटीशी त्यांचा काही संबंध नव्हता. गाडीच्या कुठल्याच भागाशी नव्हता. आमच्या घरात त्यांना 'कान' हे नाव पडलं, आणि ते कशासाठी आहेत या प्रश्नावर पुंडलिकरावांचं नि माझं जे वाजलं ते पुढे कधी थांबलंच नाही.

ते म्हणाले, मशिनगन बसवायची जागा आहे. विचारत नव्हते, सांगत होते. आम्ही सगळे जेवणं आटोपून अंगणात गाडीभोवती उभे होतो. मी विचारलं, एका बंदुकीला चार कान काहून लागते?

"दोन बंदुका राहते," ते म्हणाले.

"अन् पेटीत बसणारा माणूस एक. तो दोन बंदुका कशा चालवन, भाऊजी?"

बाबा हसले. गंमत म्हणून हसले, पण पुंडलिकरावांच्या कपाळाची शीर उभी राहिली. "मास्तर," ते म्हणाले, "तुमी पोट्ट्यायले पाढे शिकवा." त्या रात्री ते न थांबता ताईला घेऊन निघून गेले. म्हणजे ते फटफटीवर आणि ताई शेवटच्या एस.टी.नं. पेटी रिकामी असली तरी ताईला त्यांनी तीत कधी बसवलं नाही. मालाची गाडी आहे, बायका बसवायची नाही, बाजारातले लोक हसतात, असं त्यांचं म्हणणं. लग्नाच्या नव्या नवलाईत तिनं एकदा हौसेनं विचारलं होतं. पुन्हा नाही विचारलं.

मीही त्या कानांच्या मागे लागलो, हे खरं. जिज्ञासा थोडी आणि त्यांना खोटं पाडायची इच्छा जास्त. वाकून पाहिलं तर यूच्या आतल्या बाजूचा रंग घासून गेला होता आणि तळाशी गोलसर चकाकी होती. म्हणजे तिथे काहीतरी गोल वस्तू टेकत होती आणि ती वरून ठेवता-उचलता येत होती. मला वाटलं, पेट्रोलचे डबे टांगायचे असतील. डबा आणून अडकवून पाहिला, तो सरळ खाली गेला आणि माझ्या पायावर पडला. बाबा म्हणाले, पाण्याचं पिंप असेल. पिंप बसेना. गोल वस्तूचं मी सांगितल्यावर पुंडलिकराव म्हणाले, बंदुकीची नळी काय चौकोनी असते का? पासष्टच्या लढाईत तर त्यांना ऊत आला. शेतातला एक लोखंडी पाइप त्यांनी दोन कानांवर आडवा ठेवला, दोरीनं बांधला आणि कॉलनीभर गाडी फिरवली. लोक टाळ्या वाजवत होते. त्या रविवारी मी क्वार्टरवर गेलो होतो. मला पाहून त्यांनी गाडी मुद्दाम माझ्यासमोर थांबवली आणि पाइपाचं तोंड माझ्याकडे केलं. ताई दारात उभी होती. तिला हसावं की नाही ते कळत नव्हतं.

पुढे काही वर्षांनी त्यांनाच ते कान नकोसे झाले. इतवारीच्या गल्ल्यांमध्ये हातगाड्या, हमाल आणि टेम्पो यांतून वाट काढताना बाहेर आलेलं ते लोखंड कोणाच्या तरी धोतरात अडकायचं. एकदा एका भांडेवाल्या व्यापाऱ्याचं नवंकोरं धोतर कमरेपासून फाटलं आणि भर बाजारात दोघांची जुंपली. पुंडलिकरावांनी ठरवलं, कापून टाकायचे. कापायचं सामान आणि एक माणूस घेऊन ते गावी आले, कारण गाडी तेव्हा संत्र्याच्या हंगामासाठी आमच्याकडे उभी होती. मी अंगणात आडवा उभा राहिलो. गाडी बाबांची आहे, म्हटलं, अन् बाबा हो म्हणेपर्यंत तिला हात लागणार नाही. ते कान राहिले काय नि गेले काय, मला काहीच फरक पडत नव्हता. त्यांना कापायचे होते, म्हणून मला ते हवे होते. एवढं साधं होतं ते. बाबा ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. आयुष्यात त्यांनी जावयाचा शब्द मोडला नव्हता. त्या दिवशी मात्र ते मान न उचलता म्हणाले, "राहू द्या, जवाईबुवा. लोखंड काय खायला मागते." पुंडलिकरावांनी आणलेल्या माणसाला परत पाठवलं, पाणीसुद्धा न पिता निघाले, आणि पुढच्या दोन दिवाळ्या त्यांनी आमच्या घरी अन्न घेतलं नाही. त्याची फेड ताईनं केली. तिचं माहेरी येणं तुटलं. यायची ती बाबांच्या आजारपणात, आणि तेही मोजक्या वेळापुरती.

आता ती गोष्ट, जी लोक त्यांच्या तेरवीत सांगत होते. बहात्तर-त्र्याहत्तरचा उन्हाळा. बाबा त्याआधीच गेले होते. मायनं खूप विनवण्या केल्यावर ताईला आठवडाभर वाळवणासाठी पाठवलं होतं, आणि मला सुट्टी असल्यानं मीही गावीच होतो. अंगणाच्या कडेला असलेल्या गोदामाच्या स्लॅबवर ताई मुंगवड्या घालत होती. चढायला बांबूची शिडी. दुपार टळत आली असेल, एवढ्यात रस्त्यावरून तो आवाज आला, कावळे उडवणारा. पुंडलिकराव ठरल्यापेक्षा आधीच तिला न्यायला आले होते. न्यायला म्हणजे, एस.टी.त बसवायला. अंगणात शिडीजवळ येऊन ते उतरले नाहीत. गाडीवर बसूनच भोंगा दाबून धरला. मी बाहेर येऊन म्हटलं, ती येऊन राहिली ना, जरा दम धरा. ते माझ्याकडे न पाहता भोंगा वाजवतच राहिले. वर ताईची धांदल उडाली. पिठाच्या हातानंच तिनं शिडी धरली, वरच्या पायरीवर पाय टाकला आणि हात सुटला.

मी तिला पडताना पाहिलं. ती गाडीच्या तिसऱ्या चाकापाशी येऊन पडली. भोंगा थांबला. त्या शांततेत ताईनं फक्त एक लांब श्वास घेतला, आणि उठायचा प्रयत्न केला तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकला नाही. कंबर गेली होती. पाय हलवताना चेहरा पांढरा पडत होता. मोडल्या कमरेच्या माणसाला वाकवू नये, बसवू नये, सपाट न्यावं, एवढं मी शाळेत प्रथमोपचाराच्या धड्यात दरवर्षी शिकवत होतो. पुंडलिकराव म्हणाले, पेटीत बसवू, अर्ध्या तासात दवाखाना. मी म्हटलं, बसवायची नाही. ते म्हणाले, मग काय बैलगाडीत नेतो, हाडं खिळखिळी करत? पेटीत आडवी मावत नव्हती, एस.टी.त कोणी आडवं घेतलं नसतं, जीप गावात नव्हती. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभं राहून भांडत होतो. ते तिच्या काखेत हात घालायला वाकले, मी त्यांचा हात झटकला, त्यांनी मला ढकललं. माय रडत होती. इतक्या वर्षांचं सगळं त्या अंगणात, तिच्या अंगावरून, आमच्या तोंडातून बाहेर पडत होतं. तू तिला भोंग्यानं पाडलं, असं मी म्हणालो. आयुष्यात त्या एकदाच मी त्यांना अरे-तुरे केलं.

"भांडू नका," ताई म्हणाली.

आम्ही थांबलो नाही. मग ती जरा मोठ्यानं म्हणाली, "दिगू, ते कान पाह्य."

मला वाटलं, तिला भ्रम झाला.

"खालून पाह्य. इकडचे दोन एका रेषेत हायेत अन् तिकडचे दोन एका रेषेत. दोन बांबू ठेवा त्याच्यावर. मंधात पोते टाका. अन् मले वर ठेवा."

उभ्या माणसाला वरून ते चार कोपऱ्यांचे चार सुटे तुकडे दिसतात. आम्ही सगळी वर्षं ते एकेक करून पाहिले होते. ती जमिनीवर पडली होती आणि तिथून तिला ते जोडीजोडीनं दिसत होते. संत्र्याच्या फांद्या वाकतात तेव्हा टेकू द्यायला आम्ही बांबू ठेवत असू. त्यातले दोन जाडसर मी ओढून आणले. पुंडलिकरावांनी ढेपेच्या दोन पोत्यांचे खालचे कोपरे कापले. आम्ही दोघांनी पोत्यांमधून बांबू घातले आणि ते चार कानांवर ठेवले. चारही ठिकाणी बांबू खोबणीत असा बसला, की जणू तिथूनच काढला होता. आरपार भोकांत मोठे खिळे घातले, बांबू हलेना. मी वर पाहिलं तर पुंडलिकरावही माझ्याकडे पाहत होते. जखमी शिपाई आडवा न्यायची गाडी होती ती. लढाईत माणसं वाचवायला केलेल्या गाडीवर आम्ही आठ-दहा वर्षं ढेप वाहिली होती, आणि तिच्यावरून एकमेकांचं तोंड पाहणं सोडलं होतं.

ताईला फळीवरून सरकवून त्यावर घेतलं. कोणीतरी मागे बसून बांबू धरायला हवा होता. मी पुंडलिकरावांच्या मागे उलटा बसलो, त्यांच्या पाठीला पाठ लावून, एका हातात बांबू, दुसऱ्या हातात ताईच्या तोंडावर धरलेली छत्री. त्यांचा सदरा घामानं भिजला होता, माझाही. तिरस्कार असलेल्या माणसाची पाठ इतकी गरम लागते हे मला तेव्हा कळलं. ते गाडी हळू चालवत होते, खड्डा आला की आधी सांगत होते, एवढं मी मान्य करतो. ताई मधेच विचारायची, आता कुठं आलो गा? मी सांगायचो. त्या गाडीवर ती पहिल्यांदाच बसली होती, आणि बसली नव्हती, झोपली होती. वाटेत रेल्वेचं फाटक बंद मिळालं. बाजूला ट्रक उभा होता. ट्रकवाल्यानं वाकून विचारलं, बाई जित्ती आहे ना? आणि पुंडलिकराव, ज्यांना तासाभरापूर्वी त्या कानांत बंदुका दिसत होत्या, ते म्हणाले, "हाये. मिलिटरीची गाडी हाये ही. याच कामासाठी कान ठेवले म्या."

मी पाठीमागे बसून ते ऐकलं. फाटक उघडेपर्यंत ते श्रेय त्यांचं झालेलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सपाट आणली म्हणून निभावलं, वाकवून आणली असती तर पाय गेले असते. ही कल्पना कोणाची, त्यांनी विचारलं. पुंडलिकराव म्हणाले, माझी. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताईनं पलंगावरून माझा सदरा धरून खाली ओढला. तिचे डोळे मिटलेले होते, पण पकड घट्ट होती. मी गप्प बसलो. तिची अवस्था पाहून बसलो. ती बरी झाल्यावर सगळ्यांसमोर खरं सांगेल असं मला वाटलं होतं... तिनं सांगितलं नाही. पुंडलिकरावांनी मात्र ती गोष्ट दवाखान्यात सांगितली, कॉलनीत सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. दर खेपेला ती थोडी वाढायची. आधी 'कान ठेवले', मग 'मास्तर कापा म्हणत होता, म्या कापू देल्ले नाही' इथवर ती पोचली. हे मी माझ्या कानांनी, माझ्या समोर, माझ्या भाचीच्या लग्नात ऐकलं. भोंग्याचा उल्लेख त्या गोष्टीत कधीच आला नाही.

ताई बरेच महिने प्लास्टरमध्ये होती. त्या काळात आणि नंतर पुंडलिकराव बदलले, असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. ते भाकरी थापायला शिकले. वाकड्यातिकड्या, पण थापायचे. ताईच्या औषधांच्या वेळा त्यांना पाठ होत्या. पेटीत गादी घालून तिला बसवून बाजारात न्यायला लागले. बाजारातले लोक हसतात की नाही याची चौकशी त्यांनी सोडून दिली. एकदा इतवारीत मी पाहिलं. ताई दुकानात पातेली वाजवून पाहत होती आणि ते गाडी बंद करून उन्हात तिची वाट पाहत उभे होते. भोंग्याला हात नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. मला एवढंच वाटलं, की हा माणूस चोरलेल्या पुण्याईवर देवमाणूस झाला आहे, आणि मी पलीकडच्या गल्लीनं निघून गेलो.

शेवटची भेट या थंडीतली. ते अंथरुणाला खिळले होते, छातीचा भाता वाजत होता. ताईनं निरोप पाठवला म्हणून मी गेलो. मला पाहताच म्हणाले, "या मास्तर. पाहाले आले का, मेलो का नाही?" मी म्हटलं, ताईनं बोलावलं. "तिले भेटा मंग," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी चहा घेऊन परत आलो. मरणाच्या दारात माणसं मऊ होतात असं ऐकलं होतं.

तेरवीला मोठी गर्दी होती. वीज केंद्रातले जुने लोक आले होते, कॉलनीतले होते, गावाकडचे होते. जेवणानंतर एक वयस्कर सहकारी उभे राहिले आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली, पुंडलिकराव सांगायचे तशीच, माझ्यासकट. पुंडलिकरावांना कसं पहिल्यापासून माहीत होतं, मेव्हणा कसा कापायला निघाला होता, ते कसे आडवे उभे राहिले. लोक हळहळले. काही जणांनी माझ्याकडे पाहिलं, क्षमा केल्यासारखं. मी उठून मागच्या अंगणात गेलो. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही आणि त्याच्या पाहुण्यांशी भांडायची जागा ती नव्हे.

नंतर पंधरवड्यानं पुन्हा ताईकडे गेलो. ती एकटीच होती. मी ठरवूनच गेलो होतो. तिला विचारलं, तू काहून कधी बोलली नाहीस? तुले तं माहीत होतं. बांबूचं तू सांगितलं. कान वाचले ते माझ्यामुळे. अन् पडली कोणामुळे, तेही तुले माहीत होतं.

ती चहाचं पाणी ठेवत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. "म्याच देल्लं ते त्यायले," ती म्हणाली.

"काय देल्लं?"

"दवाखान्यात, तू गेल्यावर. म्या म्हटलं, तुमी होते म्हणून वाचली मी. तुमीच वाचवलं." मग ती वळली. "ज्याले वाटते का आपुन कोनाचा जीव वाचवला, त्याले मंग तो जीव सांभाळा लागते, दिगू. भोंग्याचं म्हटलं असतं तं जन्मभर तोंड लपवत राहिले असते माह्यापासून, अन् राग माह्यावरच काढला असता. अन् तुले देऊन मले काय भेटलं असतं? तू तं रविवारचा पाहुणा."

माझा अपमान झाला होता आणि तो अपमान खरा होता. ती मला लागेल असं बोलली नव्हती. हिशेब सांगावा तसं सांगत होती. ज्या बाईला आम्ही दोघांनी कधी काही विचारलं नाही, तिनं जमिनीवर पडल्या पडल्या गाडीही ओळखली होती आणि नवराही. पण पुंडलिकरावांवरचा माझा राग त्यानं कमी झाला नाही. उलट वाटलं, त्यांना काहीच कमवावं लागलं नाही, हेही तिनंच त्यांच्या पदरात टाकलं.

चहा गाळून तिनं कप माझ्यापुढे ठेवला. "अन् त्यायले माहीत होतं बरं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी एक दिवस म्हणे, मास्तर आडवा आला नसता तं म्या कापूनच टाकले असते कान. कसं झालं असतं वच्छे, म्हणे. म्या म्हटलं, हे त्याले एकदा सांगा ना तुमी. तो येऊन राहिला उद्या. तं म्हणे..." इथे ती थांबली, आणि तेराव्यानंतर पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. जुनं, आमच्या घरातलं. "तं म्हणे, नाही. त्याले नको सांगू. डोक्यावर बसन."

आम्ही बसलो होतो ती त्यांचीच खोली. बाज उचलून भिंतीला उभी केली होती. ती जिथे असायची तिथे, उशीच्या उंचीवर, भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा काळपट गोल डाग पडला होता, टेकून टेकून. माझ्याकडे उत्तर तयार होतं. चांगलं, तिखट, इतक्या वर्षांचं. मी त्या डागाकडे पाहत बसलो आणि चहावर साय धरली.

ताईनं माझी नजर पाहिली. म्हणाली, "तेवढा चुना मारून घेतो तिथं. बरं नाही दिसत."

"राहू दे," म्हटलं. "माझं भांडण बाकी हाये त्यायच्याशी."